मेलेल्या झाडांची मोजणी

मी पोटासाठी पर्यावरणाचे अहवाल लिहिते. कुणाला काही बांधायचं, खणायचं किंवा तोडायचं असेल, तर त्यापायी हवेचं, पाण्याचं, झाडापाखरांचं काय होईल हे परवानगी देणाऱ्या सरकारी समितीला लिहून द्यावं लागतं. ते लिहून देणारी मी. अंधेरीला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. साहेब, मी आणि संगणकाशी झुंजणारे आणखी तिघं. तेवीस वर्षांत मी इतके जाडजूड अहवाल लिहिलेत की ते एकावर एक रचले तर वर चढून पंखा पुसता येईल. ते कुणी वाचत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. वाचतात ते शेवटचं पान, कारण तिथे ‘हरकत नाही’ असं लिहिलेलं असतं. मीही ते निमूटपणे लिहीत आले. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते मी जरा मिरवतच सांगणार. मिरवण्यासारखं एवढं एकच काम माझ्या हातून झालंय, आणि तेही आधी मी स्वतः घोळ घातल्यावर.

मुलुंडला माझ्या घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याशी, एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्या मागची अख्खी उतरण मालकांचीच, पण कागदोपत्री ते वन. वर्षानुवर्षं तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्यामुळे झाडांनी मनासारखा संसार थाटला. मग मालकांच्या डोक्यात कल्पना आली. जंगलात साठलेलं जादाचं वाळकं लाकूड बाहेर काढायचं, यंत्रात घालून त्याचे बोटभर तुकडे करायचे आणि ते कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जाळायला द्यायचे. या तुकड्यांना धंद्यात चिप्स म्हणतात.

खरं सांगते, मला कल्पना आवडली होती. उन्हाळ्यात त्या उतरणीवर दरवर्षी आग लागते. दोन-दोन दिवस धुमसते, आमच्या सोसायटीत वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो. वाळकं लाकूड कमी झालं तर आग कमी होईल, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. शिवाय अट साधी होती: पडलेलं लाकूड उचलायचं आणि उभी मेलेली झाडं कापायची, जिवंत झाडाला हात लावायचा नाही. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबत होतं. उतरणीवरची कुठली झाडं मेलेली आहेत? त्याचं उत्तर मी द्यायचं होतं, आणि मी जिच्यावर सही करणार त्या यादीतलं प्रत्येक झाड यंत्रात जाणार होतं.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला माझी दया येणार नाही.

एप्रिलमध्ये मी मोजणीला गेले. साहेबांनी हातात एक छापील तक्ता दिला होता. झाडाची जागा, बुंध्याचा घेर, उंची, आणि मग एक रकाना: ‘पाने आहेत / नाहीत’. नाहीत असतील तर शेजारच्या रकान्यात ‘मृत’ लिहायचं. हा तक्ता त्यांनी पूर्वी कुठल्यातरी निलगिरीच्या लागवडीसाठी बनवला होता. निलगिरीवर बारा महिने पानं असतात, तिथे तो चालत असेल. आमच्या डोंगरावरची अर्धी झाडं मार्चमध्ये सगळी पानं टाकून मोकळी होतात आणि जूनपर्यंत नुसत्या काटक्या घेऊन उभी राहतात, हे मला ठाऊक होतं. कॉलेजात यावर मी चांगली चार पानं लिहून मार्क घेतले होते. पण डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, पाण्याची बाटली संपली होती आणि तक्ता भरायला सोपा होता. पांगारा आणि काटेसावर यांना फुलं-बोंडं दिसली म्हणून सोडलं. बाकीच्यांना ओळखायला मी थांबलेच नाही. वर बघायचं, पानं नाहीत, लिही मृत. घेर मोज. पुढचं. तीन दिवसांत उतरण उरकली.

यादीतली झाडं ओळखू यावीत म्हणून खूण करायची होती. ऑइल पेंट झाडाला बरा नाही, असा शहाणपणा मीच केला आणि गेरूचा रुंद पट्टा व त्याच्यावर चुन्याची रेघ मारून घेतली. मेलेल्या झाडाला ऑइल पेंटने असं काय होणार होतं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

अहवाल लिहिला, सही केली, साहेबांनी समितीकडे धाडला. जूनच्या मध्यावर सुनावणी होती. मी दुसऱ्या कामाला लागले.

मे महिन्यात लाकूडतोडीच्या ठेकेदाराचा फोन आला. भलता खुशीत होता. “मॅडम, तुमचा आकडा कमी पडला की! मी आज जागेवर आलोय. पट्टेवाली झाडं यादीपेक्षा डबल आहेत. शेठला सांगितलं, शेठ पण खूश.”

मी म्हटलं, “असं कसं होईल?”

“येऊन बघा ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले आणि पाहतच राहिले. उतरणीच्या खालच्या अंगाला एक पायवाट आहे, तिथे आसपासच्या सोसायट्यांमधले निवृत्त लोक फिरायला येतात. त्या वाटेपासून वर नजर जाईल तिथपर्यंत एकूण एक झाड गेरू-चुन्याने रंगलेलं होतं. हिरवंगार करंज, कोवळा आंबा, हाताच्या मनगटाएवढं बारकं कुडाचं रोपटं, कुणालाही उपाशी ठेवलं नव्हतं. पट्टे माझ्यापेक्षा कितीतरी सुबक होते. एका सरळ रेषेत, कडा नीट.

वाटेच्या तोंडाशी कारल्याचा रस विकणारा बसतो. तिथे या फिरणाऱ्यांचे पुढारी पेला हातात घेऊन उभे होते. सगळे त्यांना काका म्हणतात. बँकेतून निवृत्त, पांढरे बूट, गळ्यात शिटी. मी विचारलं, “काका, हे कुणी केलं?”

“आम्ही!” त्यांची छाती फुगली. “अहो, कुणीतरी थोडीशी झाडं रंगवून काम अर्धवट टाकून पळालं होतं. आपल्याकडे नेहमीचंच ना ते. मग आम्ही म्हटलं, महाराष्ट्र दिन येतोय, पूर्ण करून टाकू. तीन दिवस लागले. झकास दिसतंय की नाही?”

या उपनगरात रस्त्यावरच्या झाडाला गेरू-चुना म्हणजे ‘हे झाड आपलं आहे, याची काळजी घेतो’. लहानपणापासून मीही तेच बघत आले. आणि नेमकी तीच खूण मी ‘हे कापा’ म्हणून वापरली होती. काकांवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी अगदी बरोबर वाचलं होतं. लिहिणाऱ्याचं चुकलं होतं.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. काकांच्या हातातला पेला तसाच राहिला. “म्हणजे आम्ही... एवढ्या सगळ्या झाडांना... अरे देवा, वाट लागली.” पाठीमागे त्यांची सगळी मंडळी जमली होती. त्यातली एक आजी, मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता, आता मुलाकडे मुलुंडला राहते, ती कपाळाला हात लावून मटकन दगडावर बसली.

साहेबांना फोन केला तर ते ठेकेदाराकडून आधीच ऐकून बसले होते. “अगं, मग बरंच झालं. मोजणी कमी पडली असेल. वाढीव आकडा टाक.”

“साहेब, त्यात करंज आहे. हिरवं. त्याच्यावर खारी पळतायत.”

“बरं, मग पहिला आकडा राहू दे. तो तर गेलाच आहे समितीकडे. पण ते जादाचे पट्टे काढून टाक, नाहीतर तो माणूस सगळं कापेल.”

तर मग धुणं निघालं. काकांची मंडळी दुसऱ्या दिवशी बादल्या, मग्गे, जुने ब्रश आणि नारळाच्या काथ्या घेऊन सकाळी सहाला हजर. एवढ्या उत्साहाने प्रायश्चित्त घेणारे लोक मी पाहिले नाहीत. खालच्या नळावरून पाणी वर नेण्यासाठी त्यांनी रांग लावली आणि काका शिटी वाजवून बादल्या पुढे सरकवत होते. मी यादी हातात घेऊन घेर मोजत, माझे पट्टे कुठले आणि त्यांचे कुठले हे सांगत फिरत होते. पण धुवायच्या भरात कोण ऐकतंय? आजीने एका भल्या थोरल्या पांढऱ्या झाडाचा पट्टा घासायला घेतला, तो माझ्या यादीतला होता. मी ओरडले, “आजी, ते राहू दे, ते मेलेलं आहे!”

तेवढ्यात तीच किंचाळली. “अगो बाय माझे! साल इली गो हेची! माझ्या हातान साल इली!”

मी धावले. घासता घासता वरचा कागदासारखा पातळ पापुद्रा सुटून तिच्या काथ्याला चिकटला होता. बिचारी झाडाला इजा झाली म्हणून रडकुंडीला आली होती. मी मात्र तिच्याकडे बघतच नव्हते. पापुद्र्याखाली हिरवं होतं. ओलं, टवटवीत, काकडीच्या सालीसारखं हिरवं.

ते कांडोळ होतं. कॉलेजातल्या त्या चार पानांत मी ज्याचं उदाहरण दिलं होतं तेच. पानं नसतात तेव्हा या झाडाची साल उन्हात अन्न बनवते, म्हणून ती आतून हिरवी असते. ते एप्रिलमध्येही जिवंत होतं, माझ्यासमोर उभं होतं, आणि मी त्याचा घेर मोजून त्याच्यापुढे ‘मृत’ लिहिलं होतं.

“मेलला खंय?” आजी डोळे पुसत म्हणाली. “ह्या तर जिता आसा. तुका कोणी सांगल्यान?”

कुणी सांगितलं? तक्त्याने. मला अशी लाज वाटली की सांगता येत नाही. मी शेजारच्या झाडाची फांदी खाली ओढून डहाळी नखाने खरवडली. हिरवी. ते मोई होतं. त्याच्या पलीकडचं झाड काकडाचं. हिरवं. पुढचं एक खरवडलं तर नखाखाली तपकिरी भुसा आला, ते खरंच मेलेलं होतं. पण तशी झाडं मोजकीच निघाली. दुपारपर्यंत माझी नखं झिजली, बोटांतून रक्त आलं, आणि मी चढावर बसून हसायला लागले. काकांना वाटलं, ऊन लागलं. ते म्हणाले, “बाई, पाणी प्या आधी.”

ऑफिसात जाऊन साहेबांना म्हटलं, “अहवाल मागे घ्या. यादीतली बहुतेक झाडं जिवंत आहेत.”

साहेब माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला आले होते, अडीअडचणीला धावून येतात. पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “सही तुझी आहे. आता चुकलं म्हणालीस तर उद्या तुझ्या जुन्या प्रत्येक अहवालावर बोट ठेवतील. आणि ऑफिसला कोण काम देणार? नखाने खरवडलं, हिरवं दिसलं, हे काय समितीसमोर सांगणार आहेस?”

“मग सुनावणी महिनाभर पुढे ढकलायला सांगू. पानं आली की दिसेलच.”

“सुनावणी थांबत नसते.”

मी जागेवर येऊन बसले. घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. पन्नाशीच्या बाईला दुसरी नोकरी कोण देतंय? पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि तो साहेबांवर नव्हता. तेवीस वर्षं मी शेवटच्या पानावर जे लिहीत आले, त्यातली किती झाडं अशीच उभी असतील, हा विचार मला बसू देत नव्हता. त्यांचं आता काही करता येणार नव्हतं. ही अजून उभी होती.

सुनावणी उतरणीजवळच्याच एका शाळेच्या हॉलमध्ये होती. समितीत तिघं जण, अध्यक्ष एक वयस्कर बाई, सुती साडी, कानामागे पेन. समोर मालकांची माणसं, ठेकेदार, साहेब, आणि मागच्या बाकांवर काकांची अख्खी फौज, कपाळावर घाम आणि हातात पाण्याच्या बाटल्या. माझं नाव पुकारलं. साहेबांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

“अहवालात मेलेल्या झाडांची जी यादी आहे ती चुकीची आहे,” मी म्हटलं. “पानं नाहीत म्हणून मी जिवंत झाडांना मेलेलं लिहिलं.”

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “यादी कुणी केली?”

“मी.”

“सही?”

“माझीच.”

“मग आता आम्ही तुमचं कुठलं म्हणणं खरं मानायचं?”

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने माझं डोकं ताळ्यावर आलं. मी म्हटलं, “माझं कुठलंच मानू नका. उतरण इथून दहा मिनिटांवर आहे. तुम्ही स्वतः बघा.”

मालकांच्या वकिलाने हरकत घेतली, वेळेचं कारण सांगितलं. अध्यक्षबाईंनी पेन कानामागे खोचलं आणि म्हणाल्या, “बसून बसून माझी कंबर धरलीय. चला.”

तर अशी मिरवणूक निघाली. पुढे समिती, मागे वकील पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून, त्याच्या मागे ठेकेदार, साहेब, आणि शेवटी काका शिटी वाजवत. आठवडाभर सरी पडून गेल्या होत्या. उतरणीच्या तोंडाशी पोचलो आणि मलाच हुंदका आला. माझ्या यादीतली सगळी मेलेली मंडळी नटून बसली होती. मोईला तांबूस कोवळी पालवी, काकडाला पोपटी, कांडोळाच्या टोकांना लव असलेली पानं उमलत होती. काहींना अजून काहीच नव्हतं, नुसत्या काटक्या. ठेकेदार लगेच त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ही तरी मेलीच ना?”

अध्यक्षबाईंनी विचारलं, “कसं ओळखायचं?” मी दाखवलं. त्यांनी अंगठ्याच्या नखाने एक डहाळी खरवडली, डोळ्यांजवळ नेली, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “यादी आणलीय? वाचा. आता इथेच, सगळी.”

पुढचं सगळं कागदावर आहेच. नंतरच्या आठवड्यात समितीचा निर्णय आला: यादीतलं उभं एकही झाड कापायचं नाही, मेलेलंसुद्धा नाही, कारण त्याच्या ढोलीत पाखरं राहतात. पडलेल्या लाकडातलं निम्मं जागीच कुजू द्यायचं, किडे, बुरशी आणि माती यांच्यासाठी. उरलेलं निम्मं आणि रानात घुसून माजलेली परदेशी सुबाभळ, तेवढ्याचे चिप्स करायचे. यंत्र आलं, चाललं, मालकांचंही काही बिघडलं नाही. वाटेच्या कडेची सुबाभळ निघून मोकळी जागा झाल्यामुळे आगीची भीतीही कमी झाली. आणि साहेबांनी मला काढलं नाही.

पण निकाल माझ्यापुरता त्या दुपारीच लागला होता. मी एका दगडावर यादी ठेवून उभी राहिले आणि वाचायला लागले. ओढ्याच्या काठाला, घेर अमुक. मोठ्या खडकाच्या डावीकडे, घेर अमुक. काकांची मंडळी उतरणीभर पांगली. सत्तरीच्या म्हाताऱ्या बायका पदर खोचून चढावर, गुडघ्याला पट्टे बांधलेले म्हातारे फांद्या खाली ओढतायत. मी जागा सांगायची, कुणीतरी नखाने खरवडायचं आणि वरून ओरडायचं, “जिवंत!” मग मी त्या ओळीतलं ‘मृत’ खोडून लिहायचं.

“जिवंत!” ओढ्याच्या काठावरून.

“जिवंत, मॅडम!” खडकापलीकडून काका.

“ह्या पण जिता गो!” कुठूनतरी वरून आजी.

मध्येच एकजण म्हणाला, “हे मात्र गेलं हो,” तर सगळे एकदम “अरेरे” म्हणाले. मी तेही तसंच लिहिलं. मग पुन्हा सुरू. वकिलालाही राहवलं नाही, त्याने एक खरवडून पाहिलं आणि उगाच खाकरला. हात दुखायला लागला, कागद घामाने भिजला, आणि मी खोडत होते, लिहीत होते, पानं उलटत होते. तेवीस वर्षांत असं लिहिलं नव्हतं.

यादी संपत आली. शेवटच्या पानावर चढाच्या टोकाचं एक झाड होतं. मंडळी दमून खाली बसली होती, तिथवर जायला कुणी उठेना. मी जागा वाचली, घेर वाचला आणि वाट पाहिली. मग दिसलं, ऑफिसचे बूट चिखलात रुतवत साहेब एकटे वर चढत होते. त्यांनी फांदी धरली, खरवडली, बराच वेळ पाहिलं.

तिथूनच त्यांनी तोंडाशी हात धरला आणि माझ्याकडे बघून जोरात ओरडले, “जिवंत! लिही!”